ऑटोकॅडच्या मूळ कमांड: दोन खोल्यांचा प्लॅन काढता काढता शिकायचा क्रम

ऑटोकॅड म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. ठाण्या-नवी मुंबईतल्या त्याच्या क्लासमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पन्नास-साठ कमांड तोंडपाठ असतात. मग वागळे इस्टेटमधल्या नाहीतर महापे-रबाळे पट्ट्यातल्या एखाद्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, "एवढा हॉल-किचनचा प्लॅन काढ आणि १:५० ला प्रिंट दे." तिथे गाडी अडते. भिंतीचे कोपरे जुळत नाहीत, दाराचा कंस उलटा येतो, प्रिंटवर पट्टी लावली तर माप भलतंच निघतं. कमांड सगळ्या येत असतात, अडतं ते क्रमावर. म्हणून इथे कमांडची यादी दिलेली नाही. एकच छोटा प्लॅन सुरुवातीपासून प्रिंटपर्यंत नेला आहे, आणि ज्या कमांड लागतील त्या त्या जागी घेतल्या आहेत.

सरावाचा प्लॅन असा: डावीकडे हॉल, आतून ४२०० × ३००० मिमी. उजवीकडे किचन, आतून २४०० × ३००० मिमी. बाहेरची भिंत २३० मिमी, मधली ११५ मिमी. म्हणजे बाहेरून लांबी २३० + ४२०० + ११५ + २४०० + २३० = ७१७५ आणि रुंदी ३४६०. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागतील.

कमांडची आखूड नावं, म्हणजे शॉर्टकट, इथे देवनागरीत लिहिले आहेत (आरईसी म्हणजे REC). टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच दाबायचे. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर एकही कमांड चालणार नाही. "अननोन कमांड" असं आलं की आधी टास्कबारवरची भाषा बघा.

## टप्पा १: जागेवरची मापं

सराव झाला की पहिलं खरं ड्रॉइंग स्वतःच्या घराचं करा. सिडकोचं जुनं घर असो की घोडबंदर रोडवरचा नवा टॉवर, पद्धत एकच.

१. पेन्सिलीने खोलीचा कच्चा आराखडा काढा. मापं लिहायला जागा राहील इतका मोठा काढा.

२. एका कोपऱ्यात टेपचं टोक धरून सलग मापं घ्या: दाराची सुरुवात ११५, दाराचा शेवट १०१५, भिंतीचा शेवट ३०००. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली तर प्रत्येक वेळची दोन-तीन मिलिमीटरची चूक साठत जाते.

३. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ४२०० × ३००० ची खोली गुण्यात (काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण ५१६१ मिमी भरतात. दोघांत २०-२५ मिमीचा फरक आला तर खोली तिरकी आहे. जुन्या इमारतीत असं सर्रास आढळतं. अशा खोलीचा आयत काढून फर्निचर बनवायला दिलं तर सुताराला जागेवर पट्ट्या मारत बसावं लागतं.

४. भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी मोजा. २३० आणि ११५ ही विटेच्या कामाची मापं आहेत. गिलावा धरून टेपवर जास्त भरतं, आणि टेपवर येईल तेच लिहायचं.

सावधान: सुतार आणि मिस्त्री अजून फूट, इंच आणि सुतात बोलतात. एक इंच २५.४ मिमी, एक फूट ३०४.८ मिमी, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी. "साडेदहा फूट" ऐकून १०.५ टाइप करू नका. १० फूट ६ इंच म्हणजे ३२००.४ मिमी. एका ड्रॉइंगमध्ये एकच एकक ठेवा.

## टप्पा २: फाइल उघडल्यावर, पहिली रेघ मारण्याआधी

१. नवीन फाइलसाठी टेम्पलेट विचारलं की "अकॅडआयएसओ" (acadiso) निवडा. नुसतं "अकॅड" हे टेम्पलेट इंचाचं आहे. त्यात मिलिमीटरचं ड्रॉइंग काढलं तर हॅच (भिंतीत भरायचा रेघांचा नमुना) इतका दाट येतो की भिंत काळीकुट्ट दिसते, आणि तुटक रेघा सलग दिसतात. खात्री करायला मेजरमेंट (MEASUREMENT) टाइप करून एंटर द्या. उत्तर १ आलं तर फाइल मेट्रिक आहे.

२. यूएन (युनिट्स), एंटर. लेंग्थ टाइप डेसिमल, इन्सर्शन स्केल मिलिमीटर. प्रिसिजन मात्र ०.०० ठेवा. बहुतेक ठिकाणी ० ठेवायला शिकवतात, आणि तिथेच चूक दडते. प्रिसिजन फक्त दिसण्यापुरतं असतं. प्रत्यक्षात ४१९९.६ काढलेली भिंतही ० प्रिसिजनला ४२०० म्हणूनच दिसते. शिकताना चूक डोळ्याला दिसलीच पाहिजे.

३. ओएस, एंटर. ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये, म्हणजे कर्सर वस्तूच्या नेमक्या बिंदूला चिकटवणाऱ्या सोयीत, एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन, पर्पेंडिक्युलर आणि सेंटर, एवढ्यांवरच खूण ठेवा. "सिलेक्ट ऑल" दाबू नका. निअरेस्ट चालू राहिला तर कर्सर कोपऱ्याऐवजी कोपऱ्याजवळच्या कुठल्यातरी बिंदूला चिकटतो. पडद्यावर भिंत जुळलेली दिसते, झूम केल्यावर फट उघडी पडते.

४. खालच्या पट्टीवर एफ३ (ऑब्जेक्ट स्नॅप) आणि एफ८ (ऑर्थो, रेघ फक्त आडवी-उभी जाते) चालू, एफ९ (स्नॅप) बंद. कर्सर उड्या मारत चालला तर नव्वद टक्के वेळा चुकून एफ९ दाबलं गेलेलं असतं.

५. फाइल आत्ताच सेव्ह करा. नाव "ड्रॉइंग१" ठेवू नका. जागेचं नाव आणि तारीख घाला.

## टप्पा ३: लेयर

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा, प्रत्येकावर एका प्रकारच्या रेघा. एलए, एंटर. पाच लेयर पुरतात: भिंत (रेघेची जाडी ०.५०), दार-खिडकी (०.२५), मापं (०.१८), अक्षरं (०.१८) आणि चौकट. चौकट या लेयरचं प्लॉट (छपाईचं) चिन्ह बंद करा. ती प्रिंटच्या टप्प्यात लागेल.

रंग आणि रेघेची जाडी नेहमी लेयरला द्यायची, वस्तूला नाही. वर रिबनवर रंगाच्या चौकोनात "बायलेयर" दिसलंच पाहिजे. तिथून थेट लाल निवडला की त्यापुढची प्रत्येक रेघ, कुठल्याही लेयरवर काढली तरी, लालच येते. महिन्याभराने लेयरचा रंग बदलायला गेलं की अर्धं ड्रॉइंग बदलतं आणि अर्धं तसंच राहतं.

डेफपॉइंट्स नावाचा लेयर ऑटोकॅड स्वतः तयार करतो. तो प्रिंटमध्ये उमटत नाही, म्हणून त्यावर काहीही काढायचं नाही. पडद्यावर दिसतं पण प्रिंटवर नाही, असं झालं की पहिली शंका त्याच्यावर घ्या.

## टप्पा ४: माप द्यायच्या पद्धती आणि एफ१२ चा घोळ

माप देण्याच्या दोन पद्धती रोज लागतात. पहिली: एफ८ चालू ठेवून माउस ज्या दिशेला हवा तिकडे न्यायचा, नुसता आकडा टाइप करायचा, एंटर. दुसरी: आडवं आणि उभं अंतर स्वल्पविराम देऊन टाइप करायचं, आधी @ लावून. @९००,-३५ म्हणजे आत्ताच्या बिंदूपासून ९०० उजवीकडे आणि ३५ खाली.

इथे एफ१२ म्हणजे डायनॅमिक इनपुट घोळ घालतं. ते चालू असताना दुसऱ्या बिंदूपासून पुढे टाइप केलेला आकडा @ न लावताही आधीच्या बिंदूपासून मोजला जातो. समजा रेघ २३०,२३० ला सुरू केली आणि ती ४४३०,३२३० या बिंदूपर्यंत न्यायची आहे. एफ१२ चालू असेल तर ती ४६६०,३४६० ला जाऊन थांबते. एफ१२ बंद असेल तर बरोबर जागी. क्लासमध्ये एका संगणकावर जमलेलं दुसऱ्यावर चुकतं ते यामुळेच. शिकताना एफ१२ बंद ठेवा आणि @ स्वतः लावा. हात बसला की चालू करा.

निवडण्याची दिशाही लक्षात ठेवा. डावीकडून उजवीकडे ओढलं की निळी चौकट येते आणि पूर्ण आत आलेल्या वस्तूच निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढलं की हिरवी चौकट येते आणि नुसत्या स्पर्श झालेल्याही निवडल्या जातात. स्ट्रेच (एस) कमांडला हिरवीच चौकट लागते. निळी वापरली तर भिंत लांबण्याऐवजी जागेवरून सरकते.

स्पेसबार एंटरचं काम करतो, एस्केपने कमांड सुटते, यू ने एक पाऊल मागे जाता येतं. कमांड लाइनवर काय विचारलं आहे ते प्रत्येक वेळी वाचा. ही एक सवय लागली तर पुढची अर्धी मेहनत वाचते.

## टप्पा ५: भिंती

भिंत लेयर चालू (करंट) करा, म्हणजे पुढच्या रेघा त्यावर येतील.

१. आरईसी, एंटर. पहिला कोपरा ०,०. दुसरा @७१७५,३४६०. पडद्यावर काहीच दिसणार नाही, किंवा कोपऱ्यातल्या दोनच रेघा दिसतील. आयत पडद्यापेक्षा मोठा आहे. झेड, एंटर, ई, एंटर. पूर्ण दिसेल. बरेच जण इथे "आलंच नाही" म्हणून तीन-चारदा काढतात आणि एकावर एक आयत साठतात.

२. ओ (ऑफसेट), एंटर, २३०, एंटर. आयतावर क्लिक, मग आतल्या बाजूला क्लिक. आयत ही एक सलग पॉलीलाइन असल्यामुळे चारही बाजू एकदम आत येतात.

३. एक्स (एक्सप्लोड). फक्त आतला आयत निवडा. आता त्याच्या चार सुट्या रेघा झाल्या. बाहेरचा तसाच राहू द्या.

४. ओ, ४२००. आतली डावी रेघ निवडा, उजवीकडे क्लिक. मधल्या भिंतीची डावी बाजू मिळाली. पुन्हा ओ, ११५. ही नवी रेघ निवडा, उजवीकडे क्लिक.

५. टीआर (ट्रिम). मधली भिंत जिथे वरच्या आणि खालच्या भिंतीला मिळते तिथले ११५ मिमीचे दोन छोटे तुकडे काढा.

ट्रिमबद्दल थोडं थांबायला हवं, कारण जुन्या नोट्स इथे दगा देतात. २०२१ च्या आधीच्या आवृत्त्यांत टीआर, एंटर, पुन्हा एंटर, मग तुकड्यांवर क्लिक असा क्रम होता. २०२१ पासून क्विक मोड आपोआप चालू असतो आणि सगळ्या वस्तू आधीच कापणाऱ्या कडा मानल्या जातात. तिथे दुसरा एंटर दिला की कमांड संपते. जुनी पद्धत हवी असेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड (TRIMEXTENDMODE) टाइप करून ० द्या.

तपासणी: डीआय (डिस्टन्स), एंटर. बाहेरच्या आयताचा डावा खालचा कोपरा आणि उजवा वरचा कोपरा. अंतर ७९६५.६९ आलं पाहिजे. मग हॉलचा कर्ण मोजा, ५१६१ च्या आसपास. पहिला आकडा चुकला तर पायरी १ परत करा. दुसराच चुकला तर पायरी २ किंवा ४ मधलं माप चुकलं आहे.

## टप्पा ६: दार आणि खिडकी

किचनचं दार ९०० मिमी, मधल्या भिंतीत, खालच्या कोपऱ्यापासून ११५ वर.

१. एल (लाइन). मधल्या भिंतीच्या डाव्या रेघेचं खालचं टोक ते उजव्या रेघेचं खालचं टोक, अशी ११५ मिमीची आडवी रेघ मारा.

२. एम (मूव्ह). हीच रेघ निवडा, एंटर, कुठेही क्लिक, माउस वर, ११५, एंटर. सीओ (कॉपी). तीच रेघ, माउस वर, ९००, एंटर, एंटर.

३. टीआर. या दोन रेघांमधले भिंतीचे दोन्ही उभे तुकडे काढा. दाराची मोकळी जागा तयार.

४. आता ० हा लेयर चालू करा. आरईसी. खालच्या आडव्या रेघेचं उजवं टोक पकडा, दुसरा कोपरा @९००,-३५. हा उघडा दरवाजा. ३५ मिमी ही फ्लश डोअरची नेहमीची जाडी.

५. ए (आर्क), एंटर, सी, एंटर. मध्यबिंदू म्हणजे बिजागरीचा कोपरा, जिथून आयत सुरू केला तोच. सुरुवात म्हणजे दरवाज्याचा उजवा वरचा कोपरा. शेवट म्हणजे वरच्या आडव्या रेघेचं उजवं टोक.

कंस नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल झाली की पाव वर्तुळाऐवजी पाऊण वर्तुळ येतं आणि हॉलमध्ये घुसतं. पुसून पुन्हा काढायची गरज नाही. शेवटचा बिंदू देण्याआधी कंट्रोल धरून ठेवला की दिशा उलटते.

६. बी (ब्लॉक, म्हणजे अनेक रेघांची मिळून एकच वस्तू). नाव "दार९००" अर्थाचं काहीतरी इंग्रजीत द्या, बेस पॉइंट बिजागरीचा कोपरा, वस्तू म्हणून दरवाजा आणि कंस. ० लेयरवर काढल्यामुळे हा ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग आणि जाडी घेतो. आत्ता बनवलेला ब्लॉक निवडून दार-खिडकी लेयरवर न्या. पुढच्या दारांसाठी आय (इन्सर्ट), आणि बाजू बदलायची तर एमआय (मिरर).

हॉलचं मुख्य दार डाव्या भिंतीत १००० मिमीचं. भिंत लेयर पुन्हा चालू करा. आतल्या खालच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या रेघेपर्यंत लंब रेघ काढा, ११५ वर सरकवा, १००० वर कॉपी करा, मधले तुकडे ट्रिम करा.

खिडकी १२०० ची, हॉलच्या वरच्या भिंतीच्या मधोमध. दार-खिडकी लेयर चालू करा. आतल्या रेघेच्या मिडपॉइंटपासून बाहेरच्या रेघेपर्यंत लंब रेघ, तिला ऑफसेट ६०० दोन्ही बाजूंना, मग मधली रेघ ई (इरेज) ने पुसा. दोन्ही उभ्या रेघांचे मिडपॉइंट जोडून काचेची रेघ काढा. इथे भिंतीच्या रेघा कापायच्या नाहीत. खिडकी मध्यभागी न येता उजवीकडे सरकली तर टप्पा ५ मधला ट्रिम राहून गेला आहे. तो झालेला नसताना मिडपॉइंट हॉलच्या ४२०० चा मिळत नाही, दोन्ही खोल्यांच्या ६७१५ चा मिळतो.

## टप्पा ७: मापं आणि अक्षरं

डी (मापांची स्टाइल), एंटर. आयएसओ-२५ ची नवी प्रत करा, नाव द्या. अक्षराची उंची २.५, बाणाऐवजी आर्किटेक्चरल टिक, प्रिसिजन ०, आणि फिट या पानावर ओव्हरऑल स्केल ५०. यामुळे कागदावर अक्षर २.५ मिमीचं उमटेल. मापं लेयर चालू करून डीएलआय ने पहिलं माप, मग डीसीओ ने पुढची सलग मापं.

तपासणी: खालच्या बाजूची पाच मापं २३०, ४२००, ११५, २४००, २३०. बेरीज ७१७५. सहावं एकूण माप वेगळं काढा आणि जुळवा.

माप चुकलेलं दिसलं तर त्याच्यावर डबल क्लिक करून आकडा हाताने कधीही बदलू नका. रेघ ४१८० आणि वर लिहिलेलं ४२००, असं ड्रॉइंग साइटवर गेलं की ओटा, कपाट, लादी, सगळं त्या खोट्या आकड्यावर कापलं जातं. भिंत दुरुस्त करा, माप आपोआप बदलेल.

खोल्यांची नावं एमटी ने, उंची १२५ (२.५ गुणिले ५०). मराठीत लिहायचं असेल तर टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय फॉन्ट घ्या. एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी उमटत नाही, चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. जोडाक्षरं प्रिंटआधी एकदा नजरेखालून घाला.

क्षेत्रफळासाठी एए, एंटर, हॉलचे आतले चार कोपरे, एंटर. उत्तर १२६००००० येईल, ते चौरस मिलिमीटर आहेत. दहा लाखांनी भागा: १२.६ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणलं की साधारण १३५.६ चौरस फूट.

## टप्पा ८: प्रिंट

मॉडेलमध्ये, म्हणजे आत्तापर्यंत जिथे काढलं तिथे, सगळं खऱ्या मापात, म्हणजे १:१ काढायचं. लहान करायचं ते फक्त कागदावर ठेवताना. प्रिंटसाठी पूर्ण ड्रॉइंग स्केल कमांडने ५० पट लहान करणारे आजही भेटतात. त्या फाइलमधलं एकही माप नंतर विश्वासाचं राहत नाही.

१. खालच्या लेआउट१ वर, म्हणजे छपाईच्या कागदावर, जा. पेज सेटअपमध्ये प्रिंटर "डीडब्ल्यूजी टू पीडीएफ", कागद आयएसओ ए४ आडवा (२९७ × २१०), प्लॉट स्टाइल मोनोक्रोम, स्केल १:१.

२. आधीपासून असलेली चौकट (व्ह्यूपोर्ट, जिच्यातून मॉडेलमधलं ड्रॉइंग कागदावर दिसतं) पुसा. चौकट लेयर चालू करून एमव्ही ने नवी काढा.

३. चौकटीच्या आत डबल क्लिक, खालच्या पट्टीवरून स्केल १:५०, चाक दाबून प्लॅन मधोमध आणा. चाक फिरवू नका, स्केल बदलेल. बाहेर डबल क्लिक करून चौकट लॉक करा.

४. पीडीएफ काढा. प्लॅन कागदावर १४३.५ मिमी लांब येतो, म्हणजे ए४ वर मापांसकट आरामात बसतो.

सावधान: स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ बहुतेक वेळा "फिट टू पेज" वर छापली जाते आणि ड्रॉइंग थोडं आकसतं. "ॲक्च्युअल साइज" किंवा १०० टक्के असं स्पष्ट सांगा. प्रिंट हातात आली की दुकानातच पट्टी लावा. हॉलची आतली लांबी ८४ मिमी भरली पाहिजे. ८१ भरली तर पैसे देण्याआधी पुन्हा काढायला सांगा.

## टप्पा ९: फाइल पाठवण्याआधी

पीयू (पर्ज) चालवून न वापरलेले ब्लॉक आणि लेयर काढा. ओव्हरकिल चालवून एकावर एक आलेल्या रेघा काढा. पुढच्या ऑफिसात जुनी आवृत्ती असू शकते, म्हणून सेव्ह ॲज करून २०१३ च्या फॉरमॅटची प्रत द्या आणि सोबत पीडीएफ जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर त्यावरून कोणी माप घेऊ शकत नाही.

वीज गेली किंवा फाइल उघडेना, तर त्याच फोल्डरमध्ये बीएके शेवटाची फाइल शोधा. तिची प्रत करून शेवट डीडब्ल्यूजी केला की आधीच्या सेव्हपर्यंतचं काम परत मिळतं.

आणखी दोन बिघाड शिकणाऱ्यांना हमखास घाबरवतात. दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटत असेल तर पिकॲड (PICKADD) टाइप करून २ द्या. ओपन किंवा सेव्ह करताना फाइल निवडायची खिडकी न येता कमांड लाइनवरच नाव विचारलं जात असेल तर फाइलडिया (FILEDIA) टाइप करून १ द्या.